प्रोटॉनच्या आत डोकावायचं कसं? झाकणं, गोट्या आणि इलेक्ट्रॉनचा मारा



बारावीच्या वर्गात अणुकेंद्रकाचा पाठ चालू होता. ओघात मी सांगून गेले, "प्रोटॉन हा तीन क्वार्कांचा बनलेला असतो, दोन अप आणि एक डाऊन." वाक्य सोपं आहे, मुलांना यूट्यूबवरच्या तीन रंगीत चेंडूंमुळे माहीतही असतं. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने मोबाइलवर क्वार्कांची वस्तुमानं आधीच शोधून ठेवली होती. ती म्हणाली, "मॅडम, तिघांची बेरीज ९ एमईव्हीच्या आसपास येते. प्रोटॉन तर ९३८ चा आहे. उरलेलं ९९ टक्के कुठून आलं?"

मी पटकन उत्तर दिलं, "बंधन ऊर्जा."

ती थांबली नाही. "पण आत्ताच तर आपण शिकलो, बंधन ऊर्जेमुळे अणुकेंद्रकाचं वस्तुमान घटकांच्या बेरजेपेक्षा कमी होतं. इथे शंभरपट वाढतंय!"

वर्ग शांत. मीही. तास संपायला चार मिनिटं होती, ती मी कशीबशी काढली. खरं सांगायचं तर इतकी वर्षं ते तीन चेंडू मी फळ्यावर काढत आले आणि "हे कुणी, कसं पाहिलं?" असा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. त्या रात्री वाचायला बसले. पुढचे दोन तास मग याच विषयावर घेतले. त्यांची ही टिपणं, थोडी सावकाश लिहिलेली.

आधी गोट्या

ज्या वस्तूत डोकावता येत नाही तिच्यावर काहीतरी मारायचं आणि ते कसं विखुरतं ते पाहायचं, ही युक्ती मुलांना रुदरफोर्डच्या सोन्याच्या पत्र्यापासून ठाऊक असते. आपल्या पुस्तकांत याला विकिरण म्हणतात. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाताने करणं वेगळं. म्हणून मी हा प्रयोग केला. आठवीपासून पुढे कुठल्याही वर्गाला जमेल, घरी जमिनीवरही होईल.

साहित्य अगदी साधं आहे. ९० सेमी रुंदीचा मोठा पुठ्ठा, चार विटा, पाण्याच्या बाटल्यांची बारा झाकणं, गोट्या आणि एक टेनिसचा चेंडू. झाकणं दोन-दोन एकावर एक चिकटवून सहा 'खुंट' करा. प्रत्येक खुंट सुमारे ३ सेमी व्यासाचा होतो. ते मुलांच्या नकळत जमिनीवर चिकटवा, कुणी कुणाच्या मागे येणार नाही असे लांब लांब. वर विटांवर पुठ्ठा ठेवा, चेंडू खालून सहज जाईल इतका उंच. मुलं एका बाजूने न बघता, जागा बदलत बदलत गोट्या सोडतात आणि मोजतात, किती सरळ बाहेर आल्या आणि किती आदळल्या. निदान दोनशे वेळा तरी करा, कमी केलं तर आकडे फार डुलतात.

आता हिशोब. गोटीचा व्यास १.५ सेमी. गोटीचा मध्य खुंटाच्या मध्यापासून दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतका जवळ आला की टक्कर. म्हणजे एका खुंटाची 'आदळण्याची रुंदी' ३ + १.५ = ४.५ सेमी. सहा खुंटांची २७ सेमी. ९० पैकी २७, म्हणजे ३० टक्के गोट्या आदळायला हव्यात. (कडेचा बारीकसारीक हिशोब सोडून दिलाय.) ही जी 'आदळण्याची रुंदी' आहे, तिलाच भौतिकशास्त्रात, रुंदीऐवजी क्षेत्रफळात मोजून, क्रॉस-सेक्शन म्हणतात. शब्द भारी वाटतो, गोष्ट एवढीच.

मुलांना मात्र खुंट माहीत नाहीत. त्यांच्या हातात फक्त ३० टक्के हा आकडा आहे. माझ्या वर्गात दोन तट पडले. एक गट म्हणाला, आत एकच मोठी वस्तू आहे, २५.५ सेमी रुंदीची. तपासा, २५.५ + १.५ = २७. बरोबर! दुसरा गट म्हणाला, आत सहा छोट्या वस्तू आहेत. तेही बरोबर! एकच आकडा, दोन प्रतिकृती, दोन्ही चोख बसतात. इथे घाई करू नका, मुलांना भांडू द्या. हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

मग चेंडू काढा. टेनिसच्या चेंडूचा व्यास सुमारे ६.५ सेमी. 'एकच मोठी वस्तू' खरी असेल तर आदळण्याची रुंदी २५.५ + ६.५ = ३२ सेमी, म्हणजे ३६ टक्के. 'सहा छोट्या' खऱ्या असतील तर ६ × (३ + ६.५) = ५७ सेमी, म्हणजे ६३ टक्के. आता भांडायला जागा नाही, चेंडू सोडायचा आणि मोजायचं. शिवाय दोन चेंडूंचे दोन आकडे मिळाले की दोन समीकरणं होतात आणि खुंटांची संख्या व व्यास दोन्ही निघतात. दहावीच्या मुलाला हे बीजगणित सहज येतं. ५७ मधून २७ वजा केले की ३०, दोन चेंडूंच्या व्यासांतला फरक ५, म्हणून खुंट ६.

पुठ्ठा कुणीही उचलला नाही. उचलू देऊही नका. प्रोटॉनवरचा पुठ्ठा उचलता येत नाही.

इलेक्ट्रॉनच का?

प्रोटॉनवर प्रोटॉन मारता येतात, पण मग दोन्ही बाजूंना गुंता. दोन बंद पेट्या एकमेकींवर आपटून आतलं सामान ओळखण्यासारखं ते आहे. इलेक्ट्रॉन, म्युऑन, न्यूट्रिनो हे लेप्टॉन कुळातले कण. त्यांना आजवर आतली कुठलीही रचना सापडलेली नाही. म्हणजे आपली 'गोटी' स्वच्छ आहे, तिचा हिशोब नीट करता येतो.

आणखी एक महत्त्वाचं. इलेक्ट्रॉन प्रोटॉनला थेट धडकत नाही. तो एक फोटॉन सोडतो आणि प्रोटॉन तो शोषून घेतो. हा दिव्याच्या उजेडातला मुक्त फोटॉन नसतो, क्षणभर उसना घेतलेला असतो, त्याला आभासी फोटॉन म्हणतात. म्हणजे प्रोटॉनवर लेप्टॉन मारणं म्हणजे प्रत्यक्षात फोटॉनच मारणं, आणि त्या फोटॉनचा बारकावा आपल्या हातात असतो. इलेक्ट्रॉनने जितका जोराचा धक्का दिला, तितकी फोटॉनची नजर बारीक. एक कामचलाऊ नियम लक्षात ठेवा. धक्का १ जीईव्हीचा असेल तर सुमारे ०.२ फेम्टोमीटरपर्यंतचं दिसतं, १० जीईव्हीचा असेल तर ०.०२ पर्यंतचं. (फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा १००० अब्जांश भाग आणि त्याचाही १००० वा भाग. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर.)

१९५० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी या मार्गाने प्रोटॉनचा आकार मोजला. प्रोटॉन बिंदू नाही, पसरलेला आहे, हे त्यातून पक्कं झालं आणि १९६१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पण त्या प्रयोगांतून मनात चित्र राहिलं ते मऊ, सलग लगद्याचं. प्रसादाच्या शिऱ्यासारखं म्हणा, कुठूनही चमचा घाला, सारखाच.

दोनच गोष्टी मोजायच्या

त्याच स्टॅनफर्डला पुढे स्लॅक ही प्रयोगशाळा उभी राहिली. सुमारे ३ किलोमीटर लांबीचा सरळ त्वरक, १९६६ पासून सुरू, इलेक्ट्रॉनची ऊर्जा २० जीईव्हीपर्यंत. जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांच्या गटाने द्रवरूप हायड्रोजनवर इलेक्ट्रॉन मारले आणि ६ व १० अंशांसारख्या छोट्या कोनांत विखुरलेले इलेक्ट्रॉन मोजले. प्रोटॉनचं पुढे काय झालं, किती तुकडे उडाले, ते पाहिलंच नाही. फक्त दोन गोष्टी मोजल्या, इलेक्ट्रॉन किती वळला आणि त्याची किती ऊर्जा उरली.

एवढ्यावरून काय कळणार? वर्गात हे गणित करून घ्या, अकरावी-बारावीची मुलं खूश होतात.

धक्क्याचा वर्ग, त्याला आपण क्यू-वर्ग म्हणू, असा काढतात: ४ × आधीची ऊर्जा × नंतरची ऊर्जा × (निम्म्या कोनाचा साइन)². समजा इलेक्ट्रॉन १० जीईव्हीचा आला, १० अंशांत वळला आणि ६ जीईव्ही घेऊन गेला. साइन ५ अंश म्हणजे ०.०८७२, त्याचा वर्ग ०.००७६. म्हणून क्यू-वर्ग सुमारे १.८२. त्याचं वर्गमूळ १.३५, म्हणजे नजर ०.१५ फेम्टोमीटरपर्यंत गेली. प्रोटॉनच्या त्रिज्येच्या जवळजवळ सहाव्या भागाइतका बारकावा.

आता ही संख्या २ × ०.९३८ × गमावलेली ऊर्जा, म्हणजे २ × ०.९३८ × ४ = ७.५० ने भागा. उत्तर ०.२४. या संख्येला एक्स म्हणतात. इलेक्ट्रॉन अख्ख्या प्रोटॉनला आदळून प्रोटॉन शाबूत राहिला असता, तर एक्स बरोबर १ आला असता आणि इलेक्ट्रॉन ६ नव्हे, ८.६ जीईव्ही घेऊन परतला असता. इथे ०.२४ आला. हा धक्का प्रोटॉनच्या जणू चौथ्या हिश्शालाच बसला! 'हिस्सा' कशाचा, ते पुढे येतंच.

शिऱ्यात बेदाणे

अपेक्षा काय होती? प्रोटॉन सलग शिरा असेल तर जोराचा धक्का बसणंच दुर्मीळ. प्रोटॉन शाबूत राहण्याच्या टकरींत तसं दिसतंही. क्यू-वर्ग १ वरून ४ वर नेला की प्रोटॉन शाबूत राहण्याची शक्यता, बिंदूसारख्या प्रोटॉनच्या तुलनेत, पन्नास-साठपट घटते. प्रोटॉन फुटण्याच्या टकरीही अशाच झपाट्याने घटतील, असा सर्वसाधारण समज होता.

तसं झालं नाही. प्रोटॉन फोडणाऱ्या जोरदार टकरी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. आणि बिंदूवरच्या टकरीचा हिशोब बाजूला काढून उरलेला आकडा क्यू-वर्ग वाढवला तरी फारसा हललाच नाही, तो फक्त एक्सवर अवलंबून राहिला. नजर बारीक केली तरी चित्र तेच, याचा अर्थ आत बिंदूसारखं काहीतरी कडक आहे. शिऱ्यात बेदाणे आहेत. जेम्स ब्यॉर्केन या तरुण सिद्धांतकाराने हे आधीच सुचवलं होतं, पण त्याचं गणित इतकं अमूर्त होतं की प्रयोग करणाऱ्यांनाही त्याचा अर्थ लागायला वेळ गेला. पहिले निष्कर्ष ऑगस्ट १९६८ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मांडले गेले. त्याच महिन्यात रिचर्ड फाइनमन स्लॅकला आले, आलेख पाहिले आणि त्यांनी चित्र सोपं केलं. वेगाने धावणारा प्रोटॉन म्हणजे सुट्या, बिंदूसारख्या घटकांचा जथा समजा. त्यांनी घटकांना नाव दिलं पार्टॉन. एक्स म्हणजे ज्या पार्टॉनला धक्का बसला त्याच्या वाट्याला आलेला प्रोटॉनच्या संवेगाचा हिस्सा. आपल्या उदाहरणातला ०.२४ तो हाच.

मला फाइनमन यांचा इथला संयम फार आवडतो. क्वार्कांची कल्पना गेल-मान आणि झ्वाइग यांनी १९६४ मध्येच मांडली होती. पार्टॉन म्हणजे क्वार्क, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आकडे 'बिंदू' म्हणत होते, 'क्वार्क' म्हणत नव्हते. ते सिद्ध व्हायला वेगळ्या मोजमापांची वाट पाहावी लागली.

फळ्यावर मी चार आलेख काढले. आडव्या अक्षावर एक्स, ० ते १. प्रोटॉन एकसंध असेल तर १ वर एक सुळका. तीन क्वार्क शहाण्या भावंडांसारखी समान वाटणी करून बसले असतील तर एक-तृतीयांशावर सुळका. ते एकमेकांशी ओढाताण करत असतील तर तोच सुळका पसरून टेकडी होईल. आणि ओढाताणीत नवे क्वार्क-प्रतिक्वार्क जन्मत-मरत असतील, तर छोट्या एक्सपाशी, शून्याकडे, आलेख वर चढेल, कारण अगदी छोटे वाटे घेणारे पुष्कळ. मुलांना विचारा, खरा आलेख यातला कुठला? माझ्या वर्गात बहुतेकांनी टेकडी निवडली. खरा आलेख चौथा आहे.

अर्धा संवेग हरवला

मग हिशोबाची गंमत. सगळ्या क्वार्कांचे वाटे जोडले तर १ यायला हवा, घरखर्चाचा हिशोब लागावा तसा. १९७० च्या दशकात सर्नमधल्या गार्गामेल या बुद्बुद कक्षात न्यूट्रिनो मारून, आणि ते आकडे इलेक्ट्रॉनच्या आकड्यांशी जुळवून, क्वार्कांचा एकूण वाटा काढता आला. तो निघाला साधारण अर्धा. (याच तुलनेतून क्वार्कांचे प्रभार खरोखर दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश असल्याचाही पुरावा मिळाला.) उरलेला अर्धा ज्याच्याकडे आहे त्याला प्रभार नाही, म्हणून फोटॉनला तो दिसत नाही. ते म्हणजे क्वार्कांना बांधणारे ग्लूऑन. त्यांची थेट खूण १९७९ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत मिळाली.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. प्रोटॉनचं वस्तुमान म्हणजे तीन गोळ्यांचं वजन नव्हे. क्वार्क ०.८४ फेम्टोमीटरच्या खोलीत कोंडलेला आहे आणि अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार इतक्या लहान जागेत कोंडलेल्या कणाला स्वस्थ बसता येत नाही. ढोबळ अंदाज करा, १९७ भागिले ०.८४, म्हणजे प्रत्येकी २३५ एमईव्ही. तिघांचे ७०० च्या वर. नुसत्या गतीमुळे आपण ९३८ च्या जवळपास येतो, त्यात ग्लूऑन क्षेत्राची ऊर्जा धरायची आहेच. हा अंदाज कच्चा आहे, पण दिशा खरी आहे. २००८ मध्ये महासंगणकांवर मूळ समीकरणांमधून प्रोटॉनचं वस्तुमान काही टक्क्यांच्या अचूकतेने काढण्यात आलं.

आणि माझं चुकलं कुठे? अणुकेंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन आपण सुटे करून वजन करू शकतो, मग बांधल्यावर किती कमी झालं ते सांगू शकतो. क्वार्क सुटा मिळतच नाही. ९ एमईव्ही हे काही तराजूवर ठेवलेल्या मोकळ्या क्वार्कांचं वजन नाही. म्हणून 'बंधन ऊर्जा' हा शब्द तिथून उचलून इथे चिकटवणं चूक. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे कबूल केलं. आकाश कोसळलं नाही.

प्रकाशाची दुसरी बाजू

आत्तापर्यंत आपण फोटॉनला स्वच्छ सुई समजलो. आता जरा दचकायला होईल असं. खरा, मुक्त फोटॉन घ्या, भरपूर ऊर्जेचा, आणि प्रोटॉनवर मारा. तो सुईसारखा वागत नाही. त्याच्या टकरीचे आकडे पायॉन किंवा प्रोटॉन यांच्यासारखेच वागतात, ऊर्जेबरोबर तसेच हळूहळू वाढतात, फक्त शेकडो पटींनी लहान. दोन प्रोटॉनांचा क्रॉस-सेक्शन ४० मिलिबार्नच्या घरात, फोटॉन-प्रोटॉनचा ०.१ ते ०.२ मिलिबार्न.

असं का? फोटॉन काही क्षणांसाठी क्वार्क-प्रतिक्वार्कांची जोडी होऊन जातो आणि पुन्हा फोटॉन होतो. त्या रूपात तो ऱ्हो नावाच्या मेसॉनसारखा दिसतो, म्हणजे प्रोटॉनचाच दूरचा नातेवाईक. दोन-तीनशे वेळांत एकदा तो या वेषात सापडला, की आकडे जुळतात. या प्रतिकृतीचे मोठे पुरस्कर्ते जे. जे. साकुराई. स्लॅकच्या टकरीही याच चित्राने समजतील, पार्टॉनची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्यांच्या प्रतिकृतीनुसार फोटॉनच्या दोन प्रकारच्या कंपनांपैकी लांबीच्या दिशेची कंपनं टकरींमध्ये वरचढ असायला हवी होती, तर अर्ध्या स्पिनचे पार्टॉन म्हणत होते की ती नगण्य असतील. मोजमापात गुणोत्तर ०.२ च्या आसपास निघालं, पार्टॉनच्या बाजूने.

मग साकुराई यांचं चित्र रद्द? नाही! क्यू-वर्ग शून्याजवळ असताना ते आजही उपयोगी आहे. फोटॉनची नजर ढोबळ असते तेव्हा तो मेसॉनसारखा वागतो, बारीक असते तेव्हा सुईसारखा. खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. एका चित्रातून दुसऱ्यात कुठे आणि कसं जायचं?

हॅम्बुर्गचा भुयारी मार्ग

ही मधली जागा मोजली गेली ती हेरा या यंत्रात. डेझीमध्येच, ६.३ किलोमीटरच्या भुयारी वर्तुळात, १९९२ ते २००७. एका बाजूने २७.५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन, समोरून आधी ८२० आणि नंतर ९२० जीईव्हीचे प्रोटॉन. एच-वन आणि झ्यूस हे दोन प्रचंड शोधक. नजर प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या भागापर्यंत गेली. पहिल्या वर्ष-दीड वर्षातच दिसलं की एक्स खूप लहान केला की आलेख नुसता वर चढत नाही, चांगलाच उसळतो. क्यू-वर्ग १५ च्या सुमारास एक्स ०.१ वरून ०.००१ च्याही खाली नेला तर उंची सुमारे तिप्पट होते. प्रोटॉन म्हणजे तीन चेंडू हे चित्र इथे पार मागे पडतं. एखाद्या यात्रेत तीन मानकरी असतील, पण वरून पाहिलं तर गर्दीच गर्दी. ही गर्दी बहुतांशी ग्लूऑनांची.

आता तीच टक्कर स्थिर प्रोटॉनच्या जागी बसून पाहा. एक्स ०.०००१ असेल तर फोटॉन प्रोटॉनच्या सुमारे १००० फेम्टोमीटर आधीच क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी होऊन बसलेला असतो, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येच्या हजारपट लांब! मग प्रोटॉनवर आदळते ती जोडी. एका जागेवरून पाहिलं तर फोटॉन प्रोटॉनमधली गर्दी मोजतोय, दुसऱ्या जागेवरून पाहिलं तर फोटॉनच फुटून आलाय आणि प्रोटॉन त्याला अडवतोय. दोन्ही वर्णनं एकाच घटनेची.

याच जोडीवर, तिला डायपोल म्हणतात, गोलेक-बिएर्नात आणि व्युस्टहॉफ यांनी १९९८ च्या सुमारास एक सुटसुटीत प्रतिकृती बांधली. जोडी अगदी जवळजवळ असेल तर तिचे रंगप्रभार एकमेकांना झाकतात आणि प्रोटॉन तिला जवळजवळ पारदर्शक असतो. शक्यता जोडीच्या रुंदीच्या वर्गाने वाढते. पण अमर्याद नाही. एका रुंदीनंतर ती थांबते, जसा बसमध्ये एका टप्प्यानंतर आणखी माणूस शिरत नाही. हा टप्पा एक्स लहान होतो तसा आधी येतो. मोजून तीन मुख्य संख्या निवडल्या आणि हेराच्या छोट्या एक्सच्या आलेखांचा मोठा भाग त्यात बसला, मधल्या पट्ट्यासकट.

इथे गोट्यांचा खेळ परत आठवा. त्याच सुमारास डॉनॅकी आणि लँडशॉफ या ब्रिटिश जोडीने वेगळाच मार्ग घेतला. त्यांनी टकरीचा आकडा दोन घातांच्या बेरजेने मांडला, एक हळू वाढणारा, घातांक सुमारे ०.०८, आणि दुसरा वेगाने वाढणारा, सुमारे ०.४. त्यात 'गर्दी भरली' असं काहीच नाही. तरीही तेच आकडे छान बसतात. एकच आलेख, दोन प्रतिकृती. एक म्हणते गर्दी भरत आली, दुसरी म्हणते अजून जागा आहे.

म्हणजे आपल्याला टेनिसचा चेंडू हवा आहे. अमेरिकेत ब्रुकहेवनला इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभारायचं काम त्याचसाठी चाललं आहे. तिथे प्रोटॉनऐवजी जड अणुकेंद्रकं वापरता येतील. एकामागे एक पुष्कळ प्रोटॉन-न्यूट्रॉन आल्यामुळे गर्दी आधीच दाट, म्हणून भरण्याचा टप्पा असेल तर तो लवकर दिसेल. भारतातल्या काही संस्थांमधले शास्त्रज्ञही त्या तयारीत आहेत.

पुन्हा वर्गात

तीन चेंडूंचं चित्र मी आता पूर्ण टाकून दिलं नाहीये. प्रभार मोजायचा असेल, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनमधला फरक सांगायचा असेल तर ते चालतं. पण ते काढताना मी आता शेजारी लिहिते, "कुठल्या नजरेने?" मुलं हा प्रश्न पटकन उचलतात. पालकांनीही घरी विचारायला हरकत नाही. मूल म्हणालं "प्रोटॉन असा दिसतो," तर "कशाने पाहिला?" एवढंच विचारा.

त्या मुलीने अर्थातच पुढचा प्रश्न विचारला. फोटॉन जर जोडी होऊ शकतो, तर दोन फोटॉन एकमेकांवर आदळतील का? या वेळी मी पटकन उत्तर दिलं नाही. दोन दिवस मागून घेतले. उत्तर हो आहे. सर्नमध्ये शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांजवळून वेगाने नेली की त्यांच्याभोवतीचे फोटॉन एकमेकांवर विखुरतात, आणि अ‍ॅटलास या प्रयोगाला त्याचा थेट पुरावा २०१७ मध्ये मिळाला.

मुलांसाठी सरावाला एक गणित: इलेक्ट्रॉन १६ जीईव्हीचा येतो, ६ अंशांत वळतो, १० जीईव्ही घेऊन जातो. क्यू-वर्ग किती, एक्स किती, आणि प्रोटॉन शाबूत राहिला असता तर इलेक्ट्रॉनची किती ऊर्जा उरली असती? (साइन ३ अंश = ०.०५२३. तिसऱ्या प्रश्नासाठी सूत्र: आधीची ऊर्जा ÷ [१ + (२ × आधीची ऊर्जा ÷ ०.९३८) × निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग].)

उत्तरं: क्यू-वर्ग सुमारे १.७५, एक्स सुमारे ०.१६, ऊर्जा सुमारे १४.६ जीईव्ही.